दुर्गाबाईची मरळ

मारोती पाईकरावने ती मरळ घरी आणली होती रश्श्यासाठी.

दुर्गाबाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर ती भिंतीला धरून चालायची आणि दोन घास खाऊन ताट सरकवायची. शेजारच्या वेणूबाईंनी सुचवलं, "भाऊ, जिवंत मरळ मिळते का बघा. रस्सा पाजा, अंगात ताकद भरते." मारोतीची सगळी नोकरी पावणे गावात, पत्र्याचे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात गेलेली. तिथल्या नाक्यावर एक बाई टबात जिवंत मासे घेऊन बसते, हे त्याला ठाऊक होतं. तो गेला, वीतभराहून थोडी मोठी मरळ निवडली आणि झाकणाच्या बादलीत घालून रिक्षाने जुईनगरला परत आला.

बादली मोरीत ठेवून तो विळी शोधायला वळला, तोवर दुर्गाबाई अंथरुणातून उठून मोरीशी येऊन बसली होती. बादलीत सापासारखं डोकं वर आलं, चुळुक करून हवा गिळली आणि पुन्हा तळाला गेलं.

"अवो, ही तर कयाधूतली."

"कयाधू कुठली? पावण्याची हाय."

"तशीच हाय, म्हनते मी."

हिंगोलीकडं कयाधूच्या काठी तिचं माहेर. उन्हाळ्यात डोह आटला की तिचे वडील गाळात हात घालून मरळी काढायचे. पण लाल पिल्लांचा पुंजका घेऊन फिरणारी मरळ दिसली, की त्या दिवशी जाळं गुंडाळून रिकाम्या हाती घरी यायचे. हे सगळं ती मोरीशी बसून बोलली. ऑपरेशनपासून इतकं ती बोललीच नव्हती. शेवटी म्हणाली, "हिला कापू नका."

"मग ताकद कशानं येनार तुला?"

"वरन-भात खाते की."

आणि त्या दुपारी तिनं खरंच ताटभर वरण-भात खाल्ला. मारोतीनं विळी जागेवर ठेवली.

थोडे दिवस मरळ मोरीतल्या टबात राहिली. एका सकाळी ती टबातून उडी मारून बाहेर पडलेली, ओट्याखाली सापडली. अंगाला धूळ चिकटलेली, तरी जिवंत. मग मारोतीनं जुन्या कारखान्यात जाऊन लोखंडी अँगलचा स्टँड स्वतः वेल्डिंग करून आणला आणि त्यावर मोठी काचेची टाकी बसवली. उडी मारू नये म्हणून वर जाड काचेचं झाकण. पाणी मात्र काठोकाठ भरायचं नाही, झाकणाखाली चार बोटं जागा सोडायची, असं दुर्गाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं. मरळ राहते पाण्यात, पण श्वास घेते वरची हवा गिळून. तिला वर यायला जागा मिळाली नाही तर ती पाण्यातच गुदमरते.

टाकी विकणाऱ्या दुकानदारानं सांगितलं होतं, हिला जिवंत छोटे मासे घाला. दुर्गाबाई तयार होईना. "सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हनायचं, आन् जित्ता जीव हातानं तिच्या तोंडात टाकायचा? मला न्हाई जमनार. कोळंबी घालते मी."

"मग कोळंबी काय झाडाला लागती?"

"ती मेलेलीच मिळती. मला नका शिकवू."

ती कोळंबीला दोरा बांधून पाण्यात हलवायची, जिवंत वाटावी म्हणून. मरळ कित्येक दिवस नुसती बघत राहिली. मग एकदा तिनं झडप घातली, आणि हळूहळू दोऱ्याचीही गरज उरली नाही. दुर्गाबाई दोन बोटांत तुकडा धरायची आणि ती तळातून बाणासारखी वर येऊन तो न्यायची. बोटांना कधी दात लागला नाही.

दुर्गाबाई सुधारली, मरळही वाढली, हातभर झाली. दुर्गाबाई टाकीसमोर पाट टाकून मेथी निवडायची आणि तिच्याशी माहेरच्या बोलीत बोलायची. ती जिकडं सरकेल तिकडं मरळ काचेमागं सरकायची. मारोती जवळ आला की मात्र पाठ फिरवून कोपऱ्यात. "बादल्या मी उचलायच्या, अन् तोंड तुला दाखवायचं," तो कुरकुरायचा. दुर्गाबाई हसायची. ते हसू बघायला तो मुद्दाम कुरकुरायचा, हे तिलाही कळत असावं.

त्यांचा मुलगा सौरभ तळोज्याला एका केमिकल कंपनीत होता. लग्नानंतर बायकोला, सोनमला, घेऊन तो तिकडंच राहायला गेला. कंपनी जवळ पडते, म्हणाला. आईच्या ऑपरेशनला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुर्गाबाई एका शब्दानं बोलली नाही, त्याचा डबाही तिनंच भरून दिला. पण तिचं ते न बोलणं सौरभच्या मनात कुसळासारखं राहिलं. तो आला की दारापाशीच बसायचा आणि चहा घेऊन लगेच निघायचा.

दोन वर्षं बरी गेली. मग दुखणं उलटलं आणि या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. तिनं प्राण सोडला तेव्हा सौरभ ड्युटीवर होता. प्लँटमध्ये फोन न्यायला बंदी. निरोप पोचून तो येईपर्यंत तिला अंघोळ घालून, पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. सौरभनं पुढचं सगळं केलं, धावपळ केली, पाहुण्यांचं बघितलं. रडला नाही. मारोतीला त्याच्या त्या कोरड्या डोळ्यांची फार काळजी वाटली.

मरळीनं खाणं सोडलं. मारोती कोळंबी धरून उभा राहायचा, ती कोपऱ्यात काळ्या ओंडक्यासारखी पडून असायची. हवा घ्यायला वर यायची आणि परत जायची. एका संध्याकाळी तो कंटाळून पाटावर बसला आणि सहज बायकोच्या सुरात म्हणाला, "खा गं बाई. आता मीच हाय. दुसरं कोन न्हाई." कितीतरी वेळ तो तसाच बोलत बसला. दुर्गाबाई शेवटी काय काय म्हणाली, ते तिथं पहिल्यांदा त्याच्या तोंडून बाहेर पडलं. मरळ वळली. हळूच वर आली आणि त्याच्या बोटांतला तुकडा तिनं उचलला. मारोती ओल्या हातानंच डोळे पुसत बसला.

वर्षभर मग ती दोघंच त्या घरात होती.

वर्षश्राद्धाची पद्धत त्यांच्यात नाही. गावच्या विहारात पुण्यानुमोदन ठरलं. सोनमचे दिवस भरत आले होते, सौरभच्या कंपनीत शटडाउनचं काम निघालेलं, सुट्टी मिळेना. त्यानं फोन केला. "पप्पा, मला येता येत नाही. पण आईच्या मरळीचं मी बघतो. तुमी टेन्शन घेऊ नका." आईच्या नंतर त्यानं आपणहून मागितलेलं हे पहिलंच काम. मारोतीला बरं वाटलं. किल्ली देताना त्यानं खाणं किती, पाणी कसं बदलायचं, झाकण घट्ट लावायचं, सगळं सांगितलं. चार बोटांचं सांगायचं राहून गेलं. त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं, की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

गावाहून परतला ती दुपार होती. दार उघडताच फरशीवर सांडलेलं पाणी दिसलं. टाकी लखलखीत पुसलेली, पाणी नितळ आणि काठोकाठ. काचेचं झाकण पाण्याला टेकलेलं, त्यावर फडक्यात गुंडाळलेली वीट. खाली मरळ उताणी, तोंड झाकणाला लागलेलं.

तो टाकीसमोर उभा राहिला. झाकणाच्या आतल्या बाजूला तिच्या तोंडाचे बुळबुळीत डाग होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग त्यानं एक काम केलं. वीट बाजूला ठेवली, झाकण काढलं, मोरीतला मग आणला आणि पाणी उपसायला लागला. चार बोटं पाणी खाली गेल्यावर थांबला. झाकणाची आतली बाजू धोतराच्या फडक्यानं पुसली, फरशी कोरडी केली. कधी वेणूबाईंनी डोकावलं तरी त्यांना काही कळू नये. नंतर त्यानं सौरभला फोन लावला.

सौरभ शिफ्टच्या कपड्यांतच आला. "काल संध्याकाळी तर खाल्लं होतं पप्पा. माझ्या हातून. पाणी बदललं, भरपूर भरलं. उन्हाळा आहे, कमी पडू नये म्हणून. वीट पण ठेवली. माझं काय चुकलं का?"

मारोती म्हणाला, "काही न्हाई चुकलं. वय झालं होतं तिचं. जानारच होती."

"खरं सांगा."

"खरंच सांगतो. तू लई नीट केलंस."

सौरभनं मरळ दोन्ही हातांनी बाहेर काढली, आणि ती हातांत घेऊनच तो मोरीत खाली बसला. "आईला पण मी..." एवढंच म्हणाला आणि हंबरडा फोडला. वर्षभराचं अडलेलं सगळं एकदम सुटलं. मारोती शेजारी बसला, पोराच्या पाठीवर हात ठेवून. त्यानं त्याला गप्प केलं नाही.

इमारतीच्या मागं शेवग्याखाली त्यांनी तिला पुरलं. संध्याकाळी मारोती वंदनेला बसला. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आला तेव्हा तो अडखळला. मग ते म्हटलं आणि पुढचंही म्हटलं.

आता सौरभ दर रविवारी येतो. दारापाशी बसत नाही, आत येऊन पाय पसरून बसतो. सोनमला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन तो सांगत असतो, "तुझ्या आजीनं एक एवढी मोठी मरळ पाळली होती. कुणाचं ऐकायची नाही. पण शेवटचा घास माझ्या हातचा खाऊन गेली. हो ना पप्पा?"

"हो," मारोती म्हणतो, आणि नातीला घ्यायला हात पुढं करतो.