साठ वॅटचा उजेड

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस माझे थोरले बंधू चिंचवडच्या माळावरच्या वायरलेस केंद्रात ऑपरेटर होते. पत्र्याची खोली, बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र, बाहेर दोन खांबांमध्ये ताणलेली तार. मावळातल्या धरणाचे दरवाजे उघडणार असले की निरोप इथे येई आणि इथून नदीकाठच्या गावांना जाई. परवाना साठ वॅटचा होता. शक्ती त्याहून जास्त सापडली तर केंद्राला सील. कमी करून धरणावर ऐकू गेलं नाही तर केंद्र निरुपयोगी. दादांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

तपासणीच्या दिवशी मला वर्तमानपत्रातून सुट्टी होती, म्हणून मी तिथे होतो. निरीक्षक बाराच्या आधी आले. शक्ती मोजायचं मीटर त्यांच्या कचेरीत एकच, ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं. त्यांनी साठ वॅटचे दोन दिवे काढले. एक तारेच्या जागी यंत्राला जोडला, दुसरा भिंतीतल्या विजेवर. दोन्ही दिव्यांच्या मधे धरायच्या कागदावर तेलाचा डाग हवा होता.

निरोप न्यायला केंद्रावर बसून असणाऱ्या, नदीकाठच्या काळेवाडीच्या पहारेकऱ्याने भाकरीबरोबरचा तेलकट ठेचा पुढे केला. "तेलाच्या डागावर सरकारचं माप? बाजारात आमी असं मोजलं तर लोक हाणतील, साहेब."

"ज्या बाजूनं डाग काळा दिसेल, तिकडचा उजेड जास्त," निरीक्षक म्हणाले. "सारखा असेल तर डाग दिसणारच नाही."

यंत्राच्या बाजूने डाग काळा होता.

"शक्ती कधी लावलीत?"

"रविवारी, साहेब. असेच दोन दिवे लावून," दादा म्हणाले.

"रविवारी कारखाने बंद. विजेचा दाब चढलेला, भिंतीतला दिवा साठाहून जास्त जळणार. तुम्ही त्याच्याशी बरोबरी केलीत. आत्ता उलट, कारखाने चालू, दाब उतरलाय. जेवणाचा भोंगा होऊ द्या."

भोंगा झाला. कारखान्यांतली यंत्रं थांबली. निरीक्षकांच्या हातातल्या व्होल्टमीटरचा काटा चढून दिव्यावर छापलेल्या आकड्यावर, दोनशे तीसवर, स्थिरावला. डाग फिका झाला, पण होता. दादांनी यंत्राचं शक्तीचं बटण केसभर मागे घेतलं. डाग विरला. कागद दोन्हीकडून कोरा दिसत होता.

निरीक्षकांनी बटणावर लाख लावून मोहोर केली. आता ते फिरवता येणार नव्हतं.

दिवा काढून तार जोडली. खोलीतला तेवढा उजेड गेला. आमच्या घरी असाच एक दिवा ओसरीत होता; त्याचा प्रकाश अंगणातल्या विहिरीपर्यंत धड पोहोचत नसे. 'बिनतारी संदेश' हे शब्द मी बातम्यांत कितीदा लिहिले होते. त्यामागे एवढीशीच शक्ती असते, हे माहीत नव्हतं. ती डोंगर ओलांडून जाणार होती.

दादांनी धरणाला हाक दिली. यंत्र नुसतं खरखरत राहिलं. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने हाक दिली.

"ऐकतोय की राव! वरडता कशाला? पानी दोन बोटं चढलंय," यंत्रातून धरणावरचा आवाज आला.

निरीक्षकांनी सही केली. पहारेकरी बाहेर जाऊन, डोळ्यांवर हात धरून तारेकडे बघत होता. मीही जाऊन उभा राहिलो. तार हलतसुद्धा नव्हती.