बँकेला द्यायचं घर

त्याला सगळे वायसर म्हणत, नळातल्या रबरी चकतीवरून. धंद्याने प्लंबर. कुणी कसलंही गाऱ्हाणं सांगो, नळाचं, पंख्याचं की जावयाचं, याचं निदान ठरलेलं : "वायसर गेला असेल."

दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र सगळा आनंदीआनंद होता. स्वयंपाकघरातला नळ नऊ वर्षं ठिबकत होता. न्हाणीघराच्या दाराला कडीच नव्हती; म्हणून आत जो कोणी असेल त्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा घरचा नियम. बायकोने विषय काढला की हा म्हणे, "बघू रविवारी." असे साडेचारशे रविवार गेले.

मग व्याजाचा दर चढला, घराचा हप्ता फुगला आणि ज्या हॉटेलाचं बारमाही काम याच्याकडे होतं, त्या हॉटेलालाच टाळं लागलं. पाच महिने त्याने याची टोपी त्याला घातली. शेवटी भाजी चिरता चिरता बायकोच म्हणाली, "त्यांनी बाहेर काढण्याआधी आपणच किल्ल्या देऊन टाकू. निदान मान तरी ताठ राहील."

वायसर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवला आणि बँकेत गेला. घर बँकेने घ्यायचं आणि कर्ज मिटलं म्हणायचं, असं ठरलं.

पाहणीला बँकेचे साहेब आले. दारात वायसरची सासू बसलेली. कानाने जरा कमी. तिला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

"एक पैसा कमी होणार नाही हो!"

"आजी, मी बँकेतून आलोय."

"रोख असतील तरच आत या!"

साहेब घामाघूम झाले आणि तोंड धुवायला न्हाणीघरात शिरले. वायसरची बायको बाहेरून ओरडली, "साहेब, गाणं म्हणा!"

साहेबांना एकही गाणं येत नसावं, कारण थोड्या वेळाने आतून सतराचा पाढा ऐकू आला, अगदी खणखणीत.

बाहेर येऊन त्यांनी वहीत लिहिलं : नळ गळका, दाराला कडी नाही. मग सहज विचारलं, "आपण काय करता?"

"प्लंबर आहे," वायसर फरशीकडे बघत म्हणाला.

साहेबांनी नळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि भल्या माणसाने वही मिटली. घर जाण्यापेक्षा ते वही मिटणं वायसरला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पाना हातात घेतला तो खाली ठेवला नाही. नळ बदलला. कडी बसवली. करकरणाऱ्या खिडकीला तेल पाजलं. आठवड्यात घर असं झालं की सोडून जावंसं वाटेना. बायको पायरीवर बसून बघत होती.

"एवढ्यासाठी घर जावं लागलं होय?" ती म्हणाली, आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. वायसरही हसला. मग नाक शिंकरायला मागच्या दारी गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

किल्ल्या घेताना साहेबांनी नळ उघडून बंद केला. एक थेंब पडला नाही. "आमच्याकडे अशी आणखी घरं येतात," ते म्हणाले. "दुरुस्तीला याल?"

"येईन," वायसर म्हणाला. "रविवार सोडून कधीही."

भाड्याच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. सामान चढवताना कपाट जिन्याच्या वळणावर जे अडकलं, ते ना वर जाईना ना खाली. वरचे भाडेकरू वर, खालचे खाली. एक मास्तरीणबाई कपाटाखालून रांगत निघाल्या आणि त्याच अवस्थेत म्हणाल्या, "नवीन का? या एकदा चहाला." शिवणकाम करणारे गृहस्थ मोजपट्टी घेऊन आले, कपाटाचं माप घेतलं आणि सांगितलं, "बसत नाही." तासाभरात जिन्यावरच सगळ्यांच्या ओळखी झाल्या. शेवटी कपाटाचे पाय कापले, आणि ते मुकाट्याने वर गेलं.