कमळाबाईंचा विचार

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, तर पास्टरकाकांचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मेडशीच्या आमच्या लहानशा चर्चच्या ओट्यावर रोज संध्याकाळी काकांनी माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतलं नसतं, तर मी बारावीलाच अडकलो असतो.

पण काका म्हटलं की मला आधी त्यांची माफी आठवते. चूक झाली की ते तिथल्या तिथे माफी मागत. मला उगाच रागावले, तर धडा थांबवून म्हणत, "माफ कर बापू, मीच चुकलो. चाल, पुढं वाच." एकदा बाजारात भाजीवालीला जरा लागेल असं बोलून गेले आणि अर्ध्या रस्त्यातून सायकल वळवून परत आले. तिला वाटलं, भाजी किडकी निघाली!

पश्चात्ताप हा त्यांचा आवडता विषय. प्रवचन ग्रंथातल्या भाषेत चालायचं, पण या विषयावर आले की काका वऱ्हाडीत उतरत. "वाशीमले जाचं होतं अन् अकोल्याच्या गाडीत बसलो. आता सीटवर बसून रडलं, त गाडी वाशीमले जाईन काय? खाली उतरा लागते, भाऊ!"

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, "अन् तिकिटाचे पैसे?"

"गेले!" काका म्हणत, आणि सगळी मंडळी हसत.

एका उन्हाळ्यात मात्र काकाच चुकले. चर्चच्या आवारात बोअरवेल होती. शेजारच्या कमळाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्ध घरातल्या, जिभेला धार असलेल्या, तिथूनच रोज पाणी नेत. पाणी कमी झालं तसं काका एक दिवस त्यांना म्हणाले, "मोटार जळली, बाई." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढेही त्या विचारतील तेव्हा तेच. कमळाबाई उन्हातून लांबच्या हापशीवर जाऊ लागल्या.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. टेबलावर भाकर आणि पेला मांडलेला. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आज मले भाकर मोडता येत नाही," ते म्हणाले. "मोटार चालू आहे. मी कमळाबाईशी खोटं बोलून राह्यलो. पहिल्यांदा बोललो तवा जेवण गेलं नाही. मंग जरासं टोचलं. काल बोललो अन् गाणं म्हणत जेवलो. अनवाणी चालून तळपाय टणक होते ना, तसं मन झालं. आता टोचत नाही, याचंच मले भेव वाटते."

ते तसेच शेजारी गेले. आम्ही सगळे कुंपणापाशी. कमळाबाई अंगणात डाळ निवडत होत्या. काकांनी सगळं सांगितलं. "देवापाशी माफी मागतली. आता तुमच्यापाशी मागतो."

कमळाबाईंनी मान वर केली नाही. "तुमच्या देवानं केलं असन माफ. मी विचार करून राह्यली."

त्या रविवारी प्रभुभोजन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून काका स्वतः हंडे भरून त्यांच्या दारात ठेवू लागले. कमळाबाई हंडे आत घेत. काका कुंपणावरून विचारत, "झाला काय विचार?"

"चालू आहे!"

आळीला या सवालजवाबाची सवय झाली. मी एकदा म्हटलं, "काका, कायले रोज विचारता?"

"चुकीवरून मागं वळणं माहं काम होतं. माफ करणं तिचं. घाई करणारा मी कोण? पण टोचते रे अजून," काका हसले. "बरं लक्षण आहे."

काका निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला निघाले तेव्हा एसटीपाशी सगळी आळी आली. कमळाबाई आल्या नाहीत. गाडी हलेपर्यंत काका खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

मी आता वाशीमला शाळेत इंग्रजी शिकवतो. परवा मेडशीला जाऊन आलो आणि आधी काकांना लिहायला बसलो. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही.

"तीर्थरूप पास्टरकाका,

सलाम. माझी नोकरी कायम झाली. आई खुशाल आहे. मेडशीला गेलो होतो, तेव्हा कमळाबाईंनी मला त्यांच्या दारात अडवलं. म्हणाल्या, 'पास्टरले लिही, माहा विचार झाला. कवाचाच झाला होता. पण ते रोज कुंपणावरून इचारत, ते बरं वाटे, म्हून सांगतलं नाही. आता कोणी इचारत नाही.'

काका, सुटी लागली की मी तुम्हाला घ्यायला येतो.

तुमचा,
बापू"