रहाटणीचा ओटा

चार माणसांनी बिनपगारी एखादं काम अंगावर घेतलं की काम उभं राहायच्या आधी किस्सेच उभे राहतात. आम्ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जे समोर दिसतं आणि मागे चालतं, ते सगळं. असं सांगितलं की लोक आधी माझ्या पायातल्या सेफ्टी शूजकडे बघतात आणि मग विचारतात, "तुम्ही?" त्या "तुम्ही?"ला उत्तर देता देता हे किस्से साठत गेले.

*

सुरुवात रफिकभाईंनी केली. रहाटणीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक चांगले चालते कॉम्प्युटर भंगारात द्यायला आणायचे, कारण काय, तर नवी सिस्टीम त्यावर चालत नाही. एक दिवस एक बाई मुलीचा असाच धडधाकट कॉम्प्युटर घेऊन आल्या. रफिकभाई म्हणाले, "ताई, हा आजारी नाही. ह्याला उगाच मेलेला ठरवलाय." त्यांनी त्यावर लिनक्स घालून दिलं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली ही उघडी सिस्टीम. आतला कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. दोन दिवसांनी बाई परत आल्या. म्हणाल्या, सगळं इंग्रजीत आहे, पोरीला कळतं, मला नाही.

मग मराठीत करू, असं रफिकभाई बोलून गेले. मी तेव्हा दुकानात होतो. मी दत्ता, मूळचा धाराशिवकडचा, चाकणला प्रेस पार्ट, म्हणजे पत्रा दाबून केलेले सुटे भाग, बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. रावेतची केतकी चार्जर घ्यायला आली होती. ती आयटीतली. ती म्हणाली, करता येईल. आम्हाला वाटलं महिन्याभराचं काम आहे. तिसरं वर्ष चालू आहे.

*

नाव ठेवलं 'ओटा'. दारापुढच्या ओट्यावर कुणीही येऊन बसावं, तसं. दुकानावर पाटी लावली, खाली नंबर दिला. पहिले सगळे फोन "ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा?" असे आले. केतकी म्हणाली पाटी बदला. रफिकभाईंनी बदलली नाही. ते प्रत्येक फोनवाल्याला विचारायचे, "घरात जुना कॉम्प्युटर आहे का?" त्यातले दोघे आज ओटा वापरतात. एकाचा किचन ओटा अजून व्हायचाय.

*

मंदाताईंचं चऱ्होलीत झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे. घराणं गावातलंच, जुनं. आता सेंटरच्या चारी बाजूंनी सोसायट्या उठल्यात. ओटा वापरून बघा म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच शब्द टाइप केला तो गावाचा. स्क्रीनवर आलं 'चर्होली', रफार थेट 'हो'च्या डोक्यावर. मंदाताई खुर्चीतून उठल्या.

"आमच्या गावाचं नाव धड येत न्हाई, तवर मी हात लावनार न्हाई."

मराठी कीबोर्डचा आराखडा आम्ही परदेशातल्या एका गटाकडून घेतला होता. त्यात 'ऱ्ह'मधल्या अर्ध्या 'र'ला बटणच नव्हतं. केतकीनं त्यांना कळवलं. उत्तर आलं, हे अक्षर फार कमी लोकांना लागतं, सवडीनं बघू. केतकी चिडली, पण उलट लिहिलं ते शांतपणे. गावाच्या वेशीवरच्या पाटीचा फोटो जोडला, खाली 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'दुसऱ्यांदा' अशी यादी दुसरीकडून उचलून चिकटवली आणि लिहिलं की मी हे तुम्हाला दुसऱ्यांदा सांगतेय, आणि 'दुसऱ्यांदा' हा शब्दसुद्धा मला तुमच्या कीबोर्डवर लिहिता येत नाही.

महिनाभर सामसूम. मग बटण मिळालं. केतकी स्वतः चऱ्होलीला गेली आणि मंदाताईंना म्हणाली की आता हा कीबोर्ड जगात जिथे जिथे आहे, तिथे तिथे तुमचं गाव बरोबर लिहिता येईल.

मंदाताईंनी एकदा टाइप करून बघितलं. मग म्हणाल्या, "लिहाया आलं. आता यायला रस्ता तेवढा करा."

*

त्याच सेंटरमध्ये आमची सगळ्यात मोठी चूक झाली. सिस्टीमचे सगळे संदेश केतकीनं शब्दकोश घेऊन मराठीत केले होते. एक आजोबा पेन्शनचा फॉर्म भरायला आले. फॉर्म भरला, प्रिंट दिली, प्रिंटरची वायर निघालेली होती. स्क्रीनवर आलं, 'आपली विनंती फेटाळण्यात आली आहे.'

आजोबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि खालीच बसले. मंदाताईंनी पाणी दिलं, पंखा लावला, समजावलं. त्यांना पटेना. सरकारनं नाही म्हटलंय, एवढंच ते म्हणत राहिले. छापलेला कागद हातात दिला तेव्हा कुठे उठले.

मंदाताईंनी रफिकभाईंना फोन करून फार काही सुनावलं नाही. संदेश काय पाहिजे, तेवढं सांगितलं. केतकी म्हणाली, असं बोलीत लिहीत नाहीत. रफिकभाई म्हणाले, "केतकी, ते आजोबा खाली बसले होते." तिनं मुकाट्यानं बदललं. आज ओट्यावर वायर निघाली तर येतं, 'प्रिंटर बोलत न्हाई. वायर बघा.'

मध्यंतरी रत्नागिरीहून एका शिक्षकांनी कळवलं की 'न्हाई' हे अशुद्ध आहे, दुरुस्त करावं. केतकीनं त्यांना एका ओळीत उत्तर पाठवलं. "सर, ती चूक न्हाई."

*

आमच्या कंपनीत लाइनवरच्या सात जुन्या कॉम्प्युटरवर मालकांच्या परवानगीनं मी ओटा चढवला. त्यावर पार्टची ड्रॉइंग उघडतात, बाकी काही नाही. एकदा मोठ्या कस्टमरचा ऑडिटर आला. त्यानं लायसन्स मागितलं. मी छापून दिलं. त्यानं सगळं वाचलं आणि विचारलं, ही कुणाची कंपनी? म्हटलं, कुणाचीच नाही. मग तक्रार कुणाकडे करायची, त्यानं विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी उर्मटपणा करतोय. त्यानं एक ड्रॉइंग उघडलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. ड्रॉइंग कितव्या दुरुस्तीचं आहे, तो आकडा अर्धा कापला जात होता. जुन्या ड्रॉइंगवर काम झालं तर अख्खा लॉट वाया जातो. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

कँटीनमध्ये बसून केतकीला फोन लावला. ती सांगत गेली, मी करत गेलो. जेवणाची सुट्टी संपायच्या आत सातही कॉम्प्युटर नीट झाले. ऑडिटरनं एकेक स्वतः तपासला. शेवटी त्याचा पेन फॉर्मवरच्या 'सप्लायरचं नाव' ह्या रकान्यावर अडला. मी म्हटलं, लिहा, रफिकभाई, रहाटणी. त्यानं लिहिलं.

तेव्हापासून रफिकभाई आमच्या मान्यताप्राप्त सप्लायरच्या यादीत आहेत. त्यांनी आजवर आम्हाला काहीही विकलेलं नाही.

*

केतकीच्या ऑफिसला ओट्याचा पत्ता लागला, तेव्हा तिला बोलावून घेतलं. नोकरीच्या कागदात एक कलम होतं. नोकरीत असताना तू जे लिहिलंस ते आमचं. एक तर ओटा कंपनीच्या नावे कर, नाही तर ते काम बंद कर. तिनं सांगितलं की हे घरच्या कॉम्प्युटरवर, सुट्टीच्या दिवशी लिहिलंय आणि ते आधीच सगळ्यांचं झालंय. साहेबांनी कलमावर परत बोट ठेवलं.

आम्ही तिला म्हटलं, तुझं नाव काढू, रफिकभाईंचं घालू, नोकरी सांभाळ. ती म्हणाली, "माझं नाव काढायचं नाही." दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. वकिलाचं पत्र येईल म्हणून आम्ही धास्तावून होतो. ते आलं नाही.

तिचे वडील, वसंतकाका, एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून, म्हणजे रंगकाम विभागातून, रिटायर झालेले. मुलीच्या नोकरीच्या भरवशावर रावेतचा फ्लॅट घेतलेला. आठ दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत, असं केतकीनं सांगितलं. नवव्या दिवशी गुरुवार होता, आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी. मी दुकानात बसलो होतो. काका स्कूटरवरून आले. आता आपल्याला ऐकून घ्यायचंय, अशा तयारीनं रफिकभाई उभे राहिले.

काका म्हणाले, "ती काय करते ते दाखवा."

रफिकभाईंनी ओट्यातल्या बदलांची यादी उघडली. कोणता बदल कुणी केला, ते त्यात ओळीनं असतं. काकांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट धरून वाचायला लागले. केतकी, केतकी, दत्ता, केतकी, रफिक, केतकी. बराच वेळ ते वाचत होते. मग त्यांनी विचारलं, "ज्या कंपनीनं हे आपलं म्हटलं, तिचं नाव कुठंय?"

"कुठंच नाही, काका."

"खालपर्यंत बघा."

रफिकभाई यादी खाली सरकवत गेले. शेवटची ओळ यायला वेळ लागला. काका वाकून बघत होते.

"नाही," रफिकभाई म्हणाले.

काकांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि स्टूल ओढून बसले.

"आता चहा सांगा."