मोकळ्या अंगणातले टँकर

बारीकराव हे नाव त्यांना त्यांच्या बायकोने दिलं. माणूस अंगाने चांगला आडवा, खुर्चीत बसला की खुर्चीचे हात दिसेनासे व्हायचे. पण काम इतकं बारीक की चिमट्याने नखाएवढ्या खिडकीला पडदा लावायचे. इमारत उभी राहायच्या आधी बिल्डरला गिऱ्हाइकापुढे ठेवायला टेबलावर मावणारी छोटी इमारत लागते, तसली मॉडेलं ते करून द्यायचे. बायकोने थट्टेत ठेवलेलं नाव गल्लीने उचललं, आणि पुढे पुढे बँकेतला कॅशियरसुद्धा 'या बारीकराव' म्हणायला लागला.

धंद्यात त्यांचा एक नियम होता, उस्तादांकडून घेतलेला. मोकळं अंगण मेलेलं दिसतं. इमारत कितीही झकास करा, पुढची जागा रिकामी सोडली तर गिऱ्हाईक टेबलापाशी थांबत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये ते काहीतरी पदरचं घालायचे. पिशवी घेऊन निघालेली बाई, भिंतीला टेकवलेली सायकल, गाडीखाली झोपलेलं कुत्रं. नकाशात कुत्रं नसायचं. ते नकाशात नाही हे बिल्डरला ठाऊक असायचं आणि फ्लॅट घेणाऱ्यालाही. किल्ल्या घेताना 'आमचं कुत्रं कुठाय' असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं.

एक दिवस त्यांच्याकडे सरकारी साहेब आले. माणूस इतका गुळगुळीत की त्याच्यावर कुठलाही प्रश्न टिकत नव्हता. समुद्रापलीकडच्या शत्रूच्या मुलखातला एक कारखाना, त्याचे वरून काढलेले धुरकट फोटो त्यांनी पुढे केले. लांबलचक शेड, एक चिमणी, भोवती कुंपण, आणि मधे भलंमोठं अंगण. तिथे विषारी वायू तयार होतो अशी सरकारची खात्री आहे, मंत्री टीव्हीवरून लोकांना ते समजावून सांगणार आहेत, आणि असल्या फोटोंतून लोकांना काही कळत नाही, तेव्हा मॉडेल हवं, असं साहेब म्हणाले. बारीकराव हरखले. एरवी त्यांचं काम बिल्डरच्या ऑफिसात धूळ खायचं, आणि आता ते सबंध देश बघणार होता.

मॉडेल झालं ते जेवणाच्या टेबलावर. जावई पलटणीत होते आणि नुकतेच सरावासाठी बोटीने रवाना झाले होते, म्हणून लेक आईबापाकडे राहायला आली होती आणि तिच्या सामानाने कामाची खोली भरली होती. सगळ्यांनी मांडीवर ताट घेऊन जेवायचं आणि टेबलाकडे बघत शिंकायचंही नाही, असा घरचा कायदा झाला. शेड झाल्या, चिमणी झाली, कुंपणाची तारसुद्धा झाली. पण ते अंगण बारीकरावांना टोचत राहिलं. फोटोत तिथे काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी वाळलेल्या बॉलपेनची नळी कापली, दोन्ही तोंडं बुजवली, चाकांच्या जागी मोहरीचे दाणे चिकटवले, करडा रंग दिला आणि अंगणात एक टँकर उभा केला. अंगण लगेच जिवंत झालं.

साहेब मॉडेल न्यायला आले तेव्हा वाकून वाकून बघत होते. टँकरपाशी थांबले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण एकटाच कशाला? आणखी लावा की चार-पाच."

कारागिराला एवढं पुरे होतं. बारीकरावांनी जुनी बॉलपेनं शोधायला घरातली कपाटं उपसली.

मंत्र्यांचं भाषण झालं त्या दिवशी शेजारीपाजारी बारीकरावांच्या घरात टीव्हीपुढे बसले होते. मंत्र्यांच्या हातात बारीक काठी होती. त्यांनी शेड दाखवल्या, चिमणी दाखवली, मग काठी अंगणात उतरली. एकेका टँकरला ती टेकवत ते गंभीर आवाजात म्हणाले, या एकेका टँकरमध्ये एक शहर कायमचं झोपवण्याइतकं विष आहे, आणि ते तुमच्या मुलाबाळांकडे निघालंय.

"तो मधला माझा दुधाचा हिशेब लिहायचा पेन," बायको शेजारणीला कौतुकाने सांगत होती.

बारीकरावांनी हातातलं ताट खाली ठेवलं. नंतर त्यांनी स्वतःची समजूत घातली की सरकारकडे वेगळी माहिती असणार. योगायोगाने का होईना, आपला टँकर खरा निघालाय. थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली.

ती संपल्यावर जे निघालं ते जगजाहीर आहे. साप साप म्हणून भुई धोपटली आणि साप नव्हताच. शेडमध्ये खताची पोती, चिमणीवर पक्ष्याचं घरटं, आणि टँकर म्हणाल तर चाकाची खूणसुद्धा नाही. भुई मात्र दुसऱ्यांची होती, आणि तिच्यावर माणसं राहत होती. जावई परत आले ते डाव्या गुडघ्यात लोखंडाचे तुकडे घेऊन. काठी घेऊन चालू लागले, बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायची नोकरी मिळाली, आणि जिने चढायला नकोत म्हणून लेक-जावई तळमजल्यावरच्या सासऱ्यांच्याच घरी राहिले.

आता पुढची गोष्ट ऐका, म्हणजे माणूस किती भोळा असू शकतो ते कळेल. बारीकरावांना मंत्र्यांची दया यायची. एवढा मोठा माणूस, आपल्या मॉडेलवर विश्वास ठेवून बिचारा फसला. आपण नको तिथे कलाकुसर केली, ती साहेबांना खरी वाटली, साहेबांनी मंत्र्यांना सांगितलं, मंत्र्यांनी देशाला सांगितलं, आणि देशाने आपल्या जावयाला तिकडे पाठवलं. त्यांच्या हिशेबी लढाईचं मूळ दुधाच्या हिशेबाच्या पेनात होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. आणि जावई समोर आले की त्यांची नजर आपोआप खाली जायची, आणि खाली तो पाय असायचा. मग ते नजर तिथूनही काढायचे.

सहा वर्षं एका घरात राहून हा माणूस जावयाशी धड बोलला नाही. जावई जेवायला बसले की यांना गोंद वाळत आल्याची आठवण व्हायची. काठीचा आवाज आला की हे कामाच्या खोलीत. मॉडेलच्या अंगणात कुत्री, सायकली घालणंही त्यांनी बंद केलं होतं, आणि दोन जुने बिल्डर त्यामुळे तुटले होते.

"जावयाशी दोन शब्द बोलायला तुम्हाला मुहूर्त लागतो का हो?" बायको वैतागून म्हणायची. "लेक रडते माझ्यापाशी."

"काम आहे गं," हे म्हणायचे.

मग सरकार बदललं आणि चौकशी लागली: लोकांना खोटं सांगून लढाई केली का? निवृत्त न्यायाधीश बाई नेमल्या गेल्या, साक्षी टीव्हीवर दिसू लागल्या. जुने मंत्री येऊन गेले आणि म्हणाले, आमच्यासमोर जे आलं त्यावर आम्ही प्रामाणिकपणे विश्वास ठेवला. बारीकराव ते ऐकून आणखीच खचले. समोर जे आलं ते यांनीच तर केलं होतं. त्यानंतर त्यांना साक्षीला यायचा निरोप आला. तुरुंगाची भीती त्यांना फारशी वाटली नाही. भीती होती ती वेगळीच. जावयाची त्या दिवशी सुट्टी होती आणि ते घरी टीव्ही लावून बसणार होते. एवढी वर्षं लपवलेलं गुपित जावई आता परक्याच्या खोलीतून, सगळ्या देशाबरोबर ऐकणार होते.

चौकशीची खोली साधी होती. लांब टेबलं, पाण्याचे जग, किरकिरणारा पंखा. मधोमध त्यांचं मॉडेल ठेवलेलं. एक झाड मोडलं होतं आणि शेडवर धूळ साचली होती. बारीकरावांनी बसायच्या आधी नकळत रुमाल काढून धूळ झटकली, तेव्हा शिपायाने त्यांचा हात धरला.

बाई वयस्क होत्या, आवाज आजीसारखा मऊ. "हे टँकर तुम्हाला दिलेल्या फोटोंत होते का?"

"नव्हते," बारीकराव म्हणाले. एवढ्या वर्षांचा धोंडा त्या एका शब्दात बाहेर पडला, आणि पुढचं आपोआप आलं. "मी माझ्या मनाने लावले. मोकळं अंगण मेलेलं दिसतं, म्हणून. चूक माझी आहे, बाई. मंत्र्यांना काय माहीत. ते फसले माझ्यामुळे."

खोलीत कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"सगळे एकदमच लावलेत?"

"नाही. आधी एक. मग साहेब म्हणाले आणखी चार-पाच लावा."

"साहेबांनी फोटो पाहिले होते?"

"त्यांनीच तर आणले होते."

"मग फोटोत एकही नव्हता तर त्यांना आणखी चार-पाच कुठे दिसले?"

सहा वर्षं साहेबांचं ते वाक्य बारीकरावांनी शाबासकी म्हणून जपलं होतं; ते उलटून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"मॉडेल केलंत कधी, आठवतं?" बाईंनी विचारलं.

"आठवतं ना. जेवणाच्या टेबलावर केलं. लेक राहायला आली होती, कामाच्या खोलीत तिचं सामान होतं."

"राहायला का आली होती?"

"जावई गेले होते ना. पलटणीबरोबर. बोटीने, सरावाला."

"सरावाहून परत कधी आले?"

"परत कुठले यायला," बारीकराव म्हणाले. "तिथूनच लढाईवर गेले."

आणि ते थांबले. बाईंनी घाई केली नाही. बारीकरावांनी मॉडेलकडे बघितलं. बॉलपेन कापायच्या आधी, साहेब दारात यायच्याही आधी, जावई बोटीत चढले होते. लेकीने धक्क्यावरून घरी येऊन बॅग कामाच्या खोलीत टाकली होती, त्यांनी स्वतः ती उचलून कोपऱ्यात ठेवली होती. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोडी केव्हाच पुढे गेली होती आणि वरात कशासाठी निघाली हे लोकांना मागून सांगायचं होतं. त्यासाठी कोणीतरी यांच्याकडून अंगण सजवून घेतलं होतं.

"म्हणजे मी..." ते म्हणाले.

"तुम्ही टँकर लावले नसते तरी लढाई झालीच असती," बाई म्हणाल्या. "पाणी प्या."

त्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्याला भरून आलंय हे कळायच्या आत ते भर खोलीत, सगळ्या देशासमोर, हमसून रडायला लागले. रडताना त्यांना रागही येत होता, त्या गुळगुळीत माणसाचा, टँकरवर टेकलेल्या त्या काठीचा, आणि सगळ्यात जास्त आपल्याला ज्याची दया यायची त्या मंत्र्याचा. पण सुटल्याचं सुख इतकं होतं की रागाला जागा पुरेना. बाहेर आल्यावर ते चुकीच्या बसमध्ये बसले आणि दोन थांबे पुढे गेल्यावर स्वतःशीच हसत उतरले.

दार जावयांनीच उघडलं. बायको आणि लेक अजून बाहेरच होत्या. घरातला टीव्ही बंद होता.

"बघितलंत?" बारीकरावांनी चपला काढता काढता विचारलं.

"बघितलं," जावई म्हणाले. "बाबा, एवढं सगळं मनात ठेवून बसलात? मला एकदा विचारायचं होतं. आम्ही बोटीवर होतो तेव्हाच ते भाषण दाखवलं आम्हाला. हिचं पत्र आलेलं होतंच, मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या सासऱ्यांनी केलंय म्हणून."

"मग?"

"मग काय. सगळे म्हणाले, झाडं फार छान केलीत. टँकरवर कोणाचा विश्वास असायची गरजच नव्हती. आम्ही निघालेलो होतोच."

बारीकराव खुर्चीत बसले. जावई काठी भिंतीला लावून समोरच्या खुर्चीत बसले.

"मी वेगळंच समजत होतो," जावई खाली बघत म्हणाले. "म्हटलं, बाबांना लंगडा जावई नकोसा झालाय. लेकीचं नुकसान झालं असं वाटतंय. हिला मी दोनदा म्हणालो, आपण वेगळं राहू. ती ऐकेना."

"नाही हो," बारीकराव म्हणाले. "तुम्ही समोर आलात की मला तोंड दाखवायची लाज वाटायची. तुम्हाला कसा कंटाळेन मी."

जावयांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर कधीचा एक ताण होता, तो सैल पडलेला बारीकरावांनी पाहिला. आणि तो पाहिला याचाच अर्थ त्यांनी आज त्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. कानशिलाजवळ केस पांढरे झाले होते. हे कधी झालं, त्यांना माहीत नव्हतं.

"दुखतो का हो पाय?" त्यांनी विचारलं.

"थंडीत दुखतो. बाहेर कुठे जिना उतरताना फार," जावई म्हणाले, आणि विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाय त्यांच्या पुढे केला. बारीकरावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि नीट बघायला लागले.