ओद्नीची रायफल

शिकारीच्या पहिल्याच दिवशी सकाळी होडी खडकावर आपटली आणि ओद्नी रायफलीसकट तळ्यात पडली. पाणी कमरेएवढंच होतं, पण रायफल तळाशी गेली. तिनं आधी ती चाचपून वर काढली, मग स्वतः काठावर आली.

ट्रीसिलच्या खोऱ्यात मूस हरणांच्या शिकारीला निघणाऱ्या टोळीत ओद्नी ही एकटीच बाई. नवरा आस्लाक टोळीचा स्वयंपाकी. त्याला बंदुकीचा आवाजच सोसत नसे. रायफल ओद्नीला वडिलांकडून मिळालेली. तिच्यापेक्षा वयानं मोठी, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. धाकटा दीर हाल्वार त्या रायफलीला 'म्हातारी' म्हणायचा.

त्यानं आपली जादा रायफल पुढं केली. "घ्या वहिनी, आजचा दिवस भागवा. म्हातारीला न्हाऊ दे."

"नको भावजी. जी मी स्वतः तपासलेली नाही, तिनं मी जनावरावर गोळी झाडत नाही. नुसतं जखमी होऊन रानात मरत पडायचं ते."

टोळी निघून गेली. ओद्नीनं कोरडे कपडे चढवले आणि मुक्कामाच्या खोपटाच्या ओसरीवर घोंगडी अंथरली. आस्लाकनं चुलीजवळ जागा करून दिली, पण तिनं मान हलवली. झटक्यानं वाळवलं की लाकूड वाकतं. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून तिनं आतलं पाणी निथळू दिलं, स्क्रू सोडवून नळी दस्त्यापासून वेगळी केली. मग गजाला चिंधी लावून मागच्या बाजूनं आत घातली आणि तोंडाकडून बाहेर काढली. अशा कितीतरी चिंध्या गेल्या. शेवटची कोरडी निघाली, तेव्हा तेलाचा हलका हात दिला. बोल्टच्या फटीतला चिखल तिनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला.

सगळं परत जोडल्यावर तिनं नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली. पट्टी अर्ध्यातच अडकली. लाकूड फुगून नळीला टेकलं होतं; अशानं नेम सरकतो. वडील असते तर त्यांनीही इथंच बोट ठेवलं असतं, हे तिला माहीत होतं. नळी पुन्हा सोडवून तिनं सँडपेपरनं तेवढीच जागा हळूहळू घासली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेली, तेव्हा कुठं ती जेवायला बसली. मटण-कोबी गार झालं होतं.

दुपारी रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळून तिनं दलदलीपलीकडच्या फळीवर कागद ठोकला. नळीतलं तेल पुसून काढलं. पहिली गोळी किंचित वर गेली; स्वच्छ नळीची पहिली गोळी जाते तशीच. पुढच्या तिन्ही एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. आस्लाक कानांवर हात धरून उभा होता. कागद पाहून तो म्हणाला, "तुझे आबा खूश झाले असते गं."

संध्याकाळी टोळी रिकाम्या हातानं परतली. हाल्वारला मोठा नर दिसला होता. त्याच्या दोन्ही गोळ्या पार डावीकडं, झाडांत गेल्या होत्या. नर रक्ताचा एक थेंबही न सांडता निसटला, हेच काय ते समाधान.

दुसऱ्या दिवशी तोच नर ओद्नीसमोर भूर्जाच्या झाडांतून बाहेर पडला. तो वळून त्याची कूस समोर येईपर्यंत तिनं श्वास रोखून धरला. एकच गोळी, पुढच्या पायामागं. नर थोडं चालला आणि गुडघ्यांवर बसला. ओद्नीनं रायफल मांडीवर घेतली, गरम नळीजवळ तळहात नेला. आपल्या हातांचा इतका अभिमान तिला आजवर कधी वाटला नव्हता.

मांसाची वाटणी झाल्यावर हाल्वार आपली नवीकोरी, महागडी रायफल घेऊन ओसरीवर आला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, हिचं जरा बघता का?"

"मी नाही बघणार, तुम्हीच बघायचं. बसा."

तो बसला, गज उचलला आणि नळीच्या तोंडातून आत घालू लागला. ओद्नीनं त्याचं मनगट धरलं.

"तिकडून नाही, भावजी. गोळी बाहेर पडताना शेवटी तिथंच घासते. तेच तोंड खरवडलंत तर ती सरळ जाईल कशी? मागून घाला. आबा मलाही असंच ओरडले होते."


हाल्वारनं गज फिरवून घेतला. ओद्नी कॉफीचा कप घेऊन त्याच्या शेजारी ताठ बसली आणि प्रत्येक चिंधी हातात घेऊन उजेडात पाहू लागली.