मामाजी आणि चांदीचं पहिलं वेत

माझे सासरे गुरांच्या कोठ्यात शिरण्याआधी बाहेरूनच बोलायला लागत. "आलो वं, आलो. लाइट गेली होती, म्हणून उशीर झाला," असं गाईंना सांगत सांगत आत जात. घरात मात्र त्यांचं बोलणं जेमतेम. जेवताना मीठ हवं असलं तर नुसतं बोट दाखवायचे. लग्न होऊन मी अकोल्याहून दर्यापूरजवळच्या या गावी आले, तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं, मामाजींना आपण काही पसंत पडलेलो नाही.

मी शहरात वाढलेली. गाईची भीती वाटायची. ते त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यावरून ते कधी हसले नाहीत. एका सकाळी कोठ्याच्या दारातून त्यांनी मला हाक मारली. आत नुकतंच जन्मलेलं वासरू होतं.

"भ्यायचं काम नाही," ते म्हणाले. "फक्त तिच्या अन् तिच्या लेकराच्या मधात उभी राहू नोको."

"का?"

"तू तिच्या जागी असती, तं परक्या बाईले मधात येऊ देल्लं असतं काय?"

तेव्हापासून ते मला एकेक गोष्ट दाखवू लागले. वासराला पाय किंवा शेपूट धरून ओढायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांना, असं कवेत घेऊनच हलवायचं. नाळेला टिंचर लावायचं, खाली कोरडं कुटार अंथरायचं. आणि पहिला चीक वासराचाच. खरवसासाठी कुणी भांडं घेऊन आलं की मामाजी दारातच सांगायचे, "पयले त्याचं पोट भरू द्या. तुमी संध्याकाळी या." गावाला ते तुसडे वाटत, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मग एकदा शेताच्या वाटेवर मोटरसायकल घसरली आणि मामाजींचा उजवा हात मोडला. प्लॅस्टर पार खांद्यापर्यंत. त्याच दिवसांत चांदीचं पहिलं वेत आलं. चांदी ही त्यांनीच लहानाची मोठी केलेली कालवड. ती व्यायला लागली तेव्हा माझे यजमान नांदगाव पेठेत कारखान्यात ड्यूटीवर होते, सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, आणि गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, निघतो, पण पोचायला वेळ लागेल.

वासरू खाली पडलं ते हललंच नाही. चांदी घाबरून भिंतीला टेकली आणि तिनं शिंगं खाली केली. दारात खुर्ची टाकून बसलेले मामाजी उठले, गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं आणि परत बसले.

"बाई, तुलेच जा लागते."

"मामाजी, मला नाही जमणार."

"मी बोलून राहिलो ना. तू फक्त हात चालव."

ते चांदीशी बोलू लागले. पिकाचं, पाण्याचं, काहीबाही. त्या आवाजाकडे तिनं मान वळवली आणि मी दुसऱ्या बाजूनं वासराजवळ गेले. बोलता बोलताच ते मला सांगत होते.

"नाकातोंडातलं चिकट काढ, बोटानं. आता त्याले छातीवर बसतं कर. पोत्यानं घास. असं नाही, लेकरू पुसल्यासारखं नोको. भांडं घासते तसं घास."

मी घासत राहिले. हात भरून आले तरी वासराची मान लुळीच होती. मी थांबले.

"थांबू नोको," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज जरासाही चढला नाही. "नाकात काडी घाल."

काडी घातली आणि वासरू शिंकलं. मग त्याची बरगडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"आता त्याले तिच्या तोंडापाशी सरकव अन् मांगं हो. दरवाज्याकडं ये."

चांदीनं हुंगलं, थोडी थांबली आणि चाटायला लागली. मी बाहेर येऊन मामाजींच्या पायाशी जमिनीवरच बसले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "मी आत असतो तरी एवढंच केलं असतं," म्हणाले. त्या दिवसानंतर मला त्या घरात कधी परकं वाटलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मामाजी झोपेतच गेले. घर पाहुण्यांनी भरलं. मी चहा करत होते, चादरी घालत होते, पण रडू काही येईना. सुतकातच मागच्या आळीतले विठ्ठलराव कुंपणाशी येऊन घुटमळले.

"अशा वक्ती बलावू नाही, पण गाय व्यायली अन् वासरू उठून नाही राहिलं."

सुतकात घराबाहेर जाऊ नये, असं एक पाहुणी म्हणाली. भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जाय वं बाई," त्या म्हणाल्या. "ते असते तं आतापावतर पोचले असते."

मी गेले. वासरू गारठलेलं होतं, जिवाला धोका नव्हता. अंग घासून, ऊब देऊन त्याला उभं केलं. दोनदा पडलं, मग आचळ सापडलं आणि शेपूट हलवत प्यायला लागलं.

विठ्ठलरावांची बायको शेजारी उभी होती. "सासऱ्यानंच शिकवलं न तुले हे?" तिनं विचारलं.

मी 'हो' म्हणायला गेले आणि इतक्या दिवसांचं अडलेलं रडू फुटलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट झालेले. तिनं जवळ येऊन आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, आणि वासराचं पोट भरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.